पॅनेलवरच्या चाळीस अक्षरांचा वाचक कोण?

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधल्या फायर अलार्म पॅनेलवर एक मजकूर उमटला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या वर्षी जुलैमध्ये केलेल्या सविस्तर वार्तांकनात तो दिला आहे. मराठीत आणला तर साधारण असा होतो: 'आग. माळा मुख्य दालन सॅक्रिस्टी. झेडडीए-११०-३-१५-१.'

आता तुम्हीच सांगा, आग कुठे लागली आहे?

घाई करू नका, तुम्ही खुर्चीत आरामात बसून वाचताय. सॅक्रिस्टी म्हणजे पाद्र्यांचे झगे आणि पूजेची भांडी ठेवायची खोली, नोत्र दाममध्ये ती मुख्य इमारतीला बाजूने जोडलेली आहे. माळा म्हणजे छपराखालचा, शेकडो वर्षं जुन्या ओकच्या तुळयांनी भरलेला भाग. या दोन जागांमध्ये कित्येक मिनिटांचं अंतर आहे. एकीकडे चालत जायचं, दुसरीकडे सुमारे तीनशे पायऱ्या चढून. आणि मजकुरात दोन्ही आहेत.

पॉडकास्टच्या मागच्या भागात आपण इमारतींमधल्या पाट्यांबद्दल बोललो, तेव्हा फायर पॅनेलचा उल्लेख ओझरता झाला होता. तो विषय मला नीट हाताळायचा होता. लोक घाईत तांत्रिक मजकूर कसा वाचतात हा माझ्या पोस्टडॉकचा विषय आहे, त्यामुळे मी पॅनेलकडे यंत्र म्हणून कमी आणि लिखाण म्हणून जास्त पाहते. प्रत्येक पॅनेलला लेखक असतो, वाचक असतो, शैलीही असते. आणि ही शैली बहुतेक ठिकाणी वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोत्र दामचा मजकूर व्याकरणाच्या अंगाने बघा. तीन नामं ओळीने. क्रियापद नाही, विभक्ती नाही, एकही शब्दयोगी अव्यय नाही. मराठीत आपल्याला असं बोलताच येत नाही. 'मुख्य दालनावरच्या माळ्यात' म्हणायचं की 'माळ्यात, दालनात आणि सॅक्रिस्टीत' म्हणायचं, हे आपल्याला -वरच्या, -त, आणि यांतून ठरवावंच लागतं. ते ठरवलं की आग कुठे, हेही ठरतं. पॅनेलने ठरवलं नाही, कारण ते मुळात ठिकाणाचं वर्णनच नव्हतं. ते एका विभागाचं नाव होतं. नेमकं ठिकाण पुढच्या आकड्यांत होतं: आवारातल्या १६० हून जास्त डिटेक्टर आणि हाताने दाबायच्या बटणांपैकी नेमकं एक. पण तो आकडा उलगडायला वेगळा तक्ता हवा. म्हणजे कळण्याजोगा भाग संदिग्ध, आणि नेमका भाग न कळणारा.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. पॅनेलसमोरच्या कर्मचाऱ्याने वॉकीटॉकीवरून गार्डला कळवलं, गार्ड सॅक्रिस्टीत गेला, तिथे काही नव्हतं. नेमकं कोण काय बोललं आणि कोणाला काय ऐकू आलं यावर नंतर संबंधितांमध्ये वाद झाला. त्या वादात मी पडणार नाही. खात्रीने सांगता येतं ते एवढंच की पहिल्या इशाऱ्यापासून अग्निशमन दलाला फोन जाईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला. ठरलेली पद्धतच अशी होती की आधी माणसाने जाऊन डोळ्यांनी खात्री करायची, मग दलाला कळवायचं. माळ्यापर्यंत माणूस पोचला तेव्हा तुळया पेटलेल्या होत्या. पॅनेलसमोरचा कर्मचारी त्या जागी तीनच दिवस काम करत होता आणि सलग दुसरी पाळी करत होता.

ही सगळी यंत्रणा उभी करायला सहा वर्षं लागली होती. हजारो पानांचे आराखडे, नकाशे, तक्ते. यातला एक माणूस-तास जरी 'हे वाक्य नवख्या माणसाला कळतं का' या प्रश्नावर गेला असता तर काय झालं असतं, हे आता सांगता येणार नाही. पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

ज्यां-जाक आनो यांचा या आगीवरचा चित्रपट २०२२ मध्ये आला. 'नोत्र दाम जळतंय' असा त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ. चित्रपट देखणा आहे, आगीची दृश्यं थरारक आहेत. पण पॅनेलच्या बाबतीत त्याने सोपी वाट धरली आहे असं मला वाटतं. आपण प्रेक्षक म्हणून आत शिरतो तेच उत्तर घेऊन, ते तर नावातच दिलंय. त्यामुळे नवखा कर्मचारी स्क्रीनकडे बघत गोंधळतो तेव्हा आपल्याला वाटतं, अरे, वर बघ ना! आपण त्याच्यावर चिडतो. मजकुरावर कोणी चिडत नाही. नवखा माणूस चुकला, ही गोष्ट पडद्यावर चांगली दिसते. वाक्य चुकलं, ही गोष्ट दिसत नाही. एखादं दृश्य असं हवं होतं की ज्यात प्रेक्षकालाही ते शब्द आधी एकटे मिळतात, आगीशिवाय, आणि त्याला निवडायला लागतं.

आता थोडं यंत्राबद्दल, लवकर उरकते. जुन्या पद्धतीच्या पॅनेलवर फक्त झोनचे दिवे असतात: झोन ३ चा लाल दिवा लागला, म्हणजे त्या झोनमध्ये कुठेतरी काहीतरी आहे, शोधा. नव्या पद्धतीत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो. एका वर्तुळाकार वायरवर ते सगळे टांगलेले असतात, पॅनेल सतत एकेकाची हजेरी घेतं, आणि धूर झाला की त्या क्रमांकाच्या पुढे लिहून ठेवलेला मजकूर पडद्यावर येतो. हा मजकूर इमारत सुरू करताना एखादा इंजिनिअर लॅपटॉपवरून भरतो. जागा तुटपुंजी, बऱ्याच पॅनेलवर तीस-चाळीस अक्षरांची. त्याच्या हातात असतो आर्किटेक्टचा नकाशा. तो इमारतीत पहिल्यांदा आलेला असतो आणि बहुधा पुन्हा येणार नसतो.

म्हणजे लेखकाला जागा माहीत नाही आणि वाचकाला नकाशा माहीत नाही.

मी काम करते ती इमारत उतारावर आहे. रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही तिसऱ्या पातळीवर असता. नकाशात ती 'लेव्हल ३', लिफ्टमध्ये 'जी', आणि आम्ही सगळे तिला 'खालचा मजला' म्हणतो, कारण आमची खोली त्याच्या वर आहे. पॅनेलवर आहे 'एल३ कोअर बी लॉबी'. 'कोअर बी' हा शब्द या इमारतीत मी पॅनेल सोडून कुठेही पाहिलेला नाही. त्या जागेला सगळे 'कॉफी मशीनपाशी' म्हणतात. मशीन हलवलं तरी ते नाव टिकेल.

इथे इंजिनिअर मंडळी हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. एक, धूर वाहतो. सगळ्यात आधी वाजलेला डिटेक्टर आगीच्या सगळ्यात जवळ असतोच असं नाही, त्यामुळे फार नेमका मजकूर खोटा आत्मविश्वास देऊ शकतो. दोन, कोड हे अग्निशमन दलासाठी आणि दुरुस्तीसाठी असतात, ते काढून कसं चालेल? काढू नका. पण पहिली दहा मिनिटं वाचक अग्निशमन दलातला नसतो. तो रात्रपाळीचा माणूस असतो. पहिली ओळ त्याची.

ही गोष्ट स्कॉटलंडमध्ये फार मोठी किंमत देऊन लिहिली गेली आहे. ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे अडिंगस्टनजवळच्या रोझपार्क या वृद्धाश्रमात आग लागली. एका कपाटात विजेचा वितरण-बोर्ड होता, तिथून ती सुरू झाली. अलार्म वाजला, पॅनेलने झोन दाखवला. म्हणजे यंत्राने आपलं काम केलं. पण तो झोन म्हणजे इमारतीचा नेमका कुठला भाग, याबद्दल रात्रीच्या कर्मचाऱ्यांचा गोंधळ झाला आणि शोध भलत्या भागात सुरू झाला. अग्निशमन दलाला फोन जायला काही मोलाची मिनिटं गेली. १४ वृद्धांचा जीव गेला. पुढे झालेल्या न्यायालयीन चौकशीचा निर्णय २०११ मध्ये आला. योग्य अग्निसुरक्षा आराखडा असता तर यातले काही किंवा सगळे मृत्यू टळू शकले असते, असा त्याचा निष्कर्ष होता.

तो निर्णय लांबलचक आहे, कायद्याच्या भाषेत आहे, पण वेळ काढून वाचावा असा आहे. दोष शोधण्यापेक्षा पहाटे साडेचारच्या सुमारास कोणाला काय कळलं, काय कळू शकलं असतं, हे तो पुन्हापुन्हा विचारतो. नोत्र दामवरच्या लिखाणात मला ही चिकाटी फार थोड्या ठिकाणी दिसली.

ब्रिटनमध्ये पॅनेलशेजारी 'झोन प्लॅन' लावायची शिफारस आहे: इमारतीचा साधा नकाशा, झोननिहाय रंगवलेला. बीएस ५८३९ भाग १ या मानकाची नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. ज्या इमारतीत लोक झोपतात आणि एकाहून जास्त झोन आहेत, तिथे झोन प्लॅन नसणं हा 'चालवून घेण्याजोगा फरक' आता मानला जात नाही. उशिरा का होईना, बरं झालं. त्याच मानकात मला मनापासून आवडणारी एक कल्पना आहे: शोध-अंतर. झोनमध्ये शिरलेल्या माणसाला आग डोळ्यांनी दिसेपर्यंत ६० मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये. इथे मोजमाप वायरचं नाही, माणसाच्या चालण्याचं आहे. अख्ख्या मानकात असं माणसाच्या पायांनी मोजणारं वाक्य क्वचित सापडतं.

नकाशाची दिशाही बघा. झोन प्लॅन तुम्ही जिथे उभे आहात त्या दिशेने लावलेला हवा: तुमच्या डावीकडची खोली नकाशातही डावीकडे. मानक हेच सांगतं, आणि तरी मी पाहिलेल्या कितीतरी इमारतींत उत्तर दिशा वर धरून नकाशा लावलेला आहे, कारण फाइल तशीच छापून आली. मग वाचणारा मान वाकडी करून डोक्यात नकाशा फिरवत बसतो. दिवसा, चहा पिताना, जमतं. हूटर कानाशी कोकलत असताना करून बघा.

पॅनेलइतकंच वाईट लिखाण त्याच्या लॉगबुकात असतं. आठवड्यातून एकदा चाचणी घ्यायची, काच-डबीतलं बटण दाबून, ठरलेल्या वेळी, आणि दर आठवड्याला वेगळं बटण. हे 'वेगळं' फार महत्त्वाचं, कारण त्यातूनच काही महिन्यांत इमारतीतली सगळी बटणं तपासून होतात. मी पूर्वी ज्या इमारतीत काम करायचे तिथलं लॉगबुक मी एकदा चाळलं. पानामागून पान एकच अक्षर, एकच शब्द, 'ओके', आणि एकच बटण: रिसेप्शनच्या टेबलाशेजारचं. उठून जायला नको. सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगवाला आला की एक ओळ जास्त. त्या पूर्ण वहीत एकदाही 'हे ठिकाण पॅनेलवर चुकीचं लिहिलंय' अशी नोंद नव्हती. आणि पॅनेलवर पिवळा दिवा होता. वर चिकटपट्टी, त्यावर पेनने 'नेहमीचाच फॉल्ट'.

हिरवा म्हणजे वीज आहे, लाल म्हणजे आग, पिवळा म्हणजे कुठेतरी बिघाड किंवा काहीतरी मुद्दाम बंद ठेवलंय. या तिघांत पिवळा सगळ्यात बोलका आणि सगळ्यात दुर्लक्षित. लाल दिवा एका क्षणाबद्दल सांगतो. पिवळा सांगतो की लाल दिवा लागेल की नाही याची खात्री नाही. त्यावर चिकटपट्टी लावणं म्हणजे घड्याळ बंद पडलंय म्हणून त्यावर रुमाल टाकणं.

तुम्ही म्हणाल, अलार्म इतक्यांदा उगीच वाजतो की माणूस कंटाळणारच. खरं आहे. जळका टोस्ट, बाथरूमची वाफ, ड्रिलिंगची धूळ. आणि या कंटाळ्याचा परिणाम आता धोरणात उतरलाय. १ जुलै २०२३ पासून स्कॉटलंडचं अग्निशमन दल ऑफिसं, दुकानं, कारखाने यांच्या निव्वळ स्वयंचलित अलार्मवर गाडी पाठवत नाही. माणसाने आग आहे असं सांगावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून लंडनच्या दलानेही बहुतेक व्यावसायिक इमारतींसाठी दिवसा हाच नियम लावला. वृद्धाश्रम, हॉस्पिटलसारख्या जिथे लोक झोपतात त्या जागा यातून वगळल्या आहेत. दलांची बाजू मला पटते, फुकटच्या फेऱ्यांत गाड्या अडकून पडतात. पण याचा अर्थ काय होतो बघा: नोत्र दामची पद्धत, आधी माणसाने बघायचं आणि मग कळवायचं, ही आता कितीतरी इमारतींची अधिकृत पद्धत झाली. पॅनेल वाचणाऱ्यावरचा भार वाढला. पॅनेलवरचा मजकूर होता तसाच आहे.

हा वाचणारा कोण, हे आपल्यापैकी अनेकांना चांगलंच ठाऊक आहे. इथे मास्टर्स करायला आलेली किती मराठी मुलंमुली आठवड्याचे वीस तास सिक्युरिटीत किंवा वृद्धाश्रमात भरून काढतात! बऱ्याचदा रात्री, कारण दिवसा वर्ग असतात. ती नवखी असतात, एजन्सीमार्फत आज इथे तर उद्या तिथे जातात, आणि दुसऱ्या भाषेत वाचतात. 'कोअर बी प्लांट आरएम राइझर' हे इंग्रजीही नाही खरं तर. स्कॉटिश माणसालाही ते कळत नाही, फक्त त्याला विचारायला लाज वाटत नाही. तुम्ही अशी पाळी करत असाल तर पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगा, मला पॅनेलवरचा प्रत्येक झोन पायी दाखवा. अर्धा तास लागतो. तो नाक मुरडेल. मुरडू दे.

महाराष्ट्राकडे वळते, कारण तिथलं पॅनेल मला जास्त छळतं. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' प्रमाणे इमारतीने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी' घ्यायचा असतो: यंत्रणा सुस्थितीत आणि चालू आहे असं प्रमाणपत्र. कल्पना चांगली. पण फॉर्म बी हे एजन्सीने प्रशासनाला उद्देशून केलेलं विधान आहे. पॅनेलसमोर ज्याची खुर्ची आहे तो वॉचमन त्या विधानात कुठेच नाही.

पुण्यात माझी बहीण राहते त्या सोसायटीच्या लॉबीत चांगलं, पत्ते असलेलं पॅनेल आहे. डिसेंबरमध्ये गेले होते तेव्हा त्यावर 'एल१ डी०४७ एसएमके डीईटी' असं काहीतरी होतं. वॉचमनना विचारलं, "काका, हे काय लिहिलंय?"

"ते नाही माहीत ताई. लाल दिसलं की पहिलं हे दाबायचं, मग हे. आधीच्या वॉचमननं सांगितलंय."

पहिलं 'हे' म्हणजे आवाज बंद. दुसरं 'हे' म्हणजे रीसेट. पहिलं बटण निदान फक्त गप्प करतं, पडद्यावरचं ठिकाण तसंच राहतं. दुसरं पडदा पुसतं, मग ठिकाण हवं असेल तर जुन्या नोंदींच्या यादीत शिरावं लागतं, आणि ते कसं करायचं हे फक्त एएमसीवाल्याला ठाऊक. म्हणजे काकांना शिकवलं काय होतं, तर पत्र आलं की न उघडता फाडायचं. काकांना मराठी, हिंदी उत्तम वाचता येतं, दुपारी त्यांच्या हातात 'सकाळ' असतो. रीसेट या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता, एवढंच.

ही अडचण सुटण्यासारखी नाही असं मुळीच नाही. देवनागरी अक्षरं ते पॅनेल दाखवू शकत नाही, ठीक आहे. पण रोमन अक्षरांत 'तिसरा मजला जिन्याजवळ' एवढं आरामात मावतं. शेजारी भिंतीवर देवनागरीत नकाशा लावायला तर पॅनेलची परवानगीही लागत नाही. बहिणीने सेक्रेटरींच्या मागे लागून मार्चमध्ये एएमसीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, नावं बदलायचं कोणी कधी सांगितलंच नाही, लोक बॅटरी बदलायला बोलावतात. नावं ठरवायला बहिणीने काकांनाच बरोबर घेतलं आणि दोघं मजल्यामागून मजला फिरले. नकाशात ज्याला 'सर्व्हिस डक्ट' म्हटलं होतं ती जागा काकांच्या यादीत 'कबुतरांची खिडकी' झाली. सेक्रेटरींना ते आवडलं नाही, बरं दिसत नाही म्हणाले. बहीण हटली नाही. पार्किंगच्या दुसऱ्या तळघरातले नऊ डिटेक्टर मात्र अजून जुन्याच नावांनी आहेत, कारण त्या दिवशी तिथे पाणी साचलं होतं आणि एएमसीवाल्याला पुढच्या ठिकाणी जायचं होतं. तो जुलैत, फॉर्म बीच्या वेळी येणार आहे.